घरात वाचावयाच्या प्रेमकथा

प्रेमकथा हा शब्द उच्चारला की अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. ती हिंदूंच्या घरी पडते, तशीच ख्रिस्ती घरीही पडते. मुलगी कादंबरी घेऊन बसली आणि आईची हाक तिला ऐकू आली नाही, तर दोष मुलीच्या कानास लागत नाही, कादंबरीस लागतो. हा संशय आजचा नव्हे. मराठीत कादंबरी पुरते बाळसे धरते न धरते, तोच १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांस नावल व नाटक यांविषयी स्वतंत्र निबंध लिहून या वाङ्मयाचा विचार करावासा वाटला. कल्पित गोष्ट वाचून माणूस सुधारतो की बिघडतो, हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

परंतु ज्या ख्रिस्ती घरात कादंबरी उशीखाली दडवून वाचली जाते, त्याच घरात चार अध्यायांची एक प्रेमकथा सर्वांसमक्ष, मोठ्याने आणि भक्तिभावाने वाचली जाते. ती रूथची कथा होय. रूथ ही मवाब देशाची तरुण विधवा. सासू नामी हिला एकटी न सोडता ती परक्या मुलखात येते आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचू लागते. कापणीनंतर रानात मागे राहिलेली कणसे वेचणे म्हणजे सरवा, हे नगर जिल्ह्यातील ज्वारीच्या मुलखात कोणास समजावून सांगावयास नको. शेताचा धनी बवाज हा वयाने, धनाने व मानाने मोठा. रूथ परदेशी, गरीब व निराधार. असे असता बवाज काय करतो? तो गड्यांस ताकीद देतो की हिला कोणी त्रास देऊ नये, आणि पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम गळू द्यावी. पुढे विवाहाची गोष्ट निघते, तेव्हा आपल्याहून जवळचा एक नातलग आहे हे तो लपवीत नाही; गावच्या वेशीत वडील मंडळींसमोर त्या नातलगास आधी विचारतो, आणि मगच रूथचा स्वीकार करतो.

या कथेत शृंगाराचे वर्णन नाही म्हणून ती सोज्ज्वळ, असे पुष्कळांस वाटते. पण खरे कारण अधिक खोल आहे. जो बलवान आहे त्याने आपले बळ दुबळ्यावर चालविले नाही, हे ते कारण होय. देणाऱ्याने दिले, पण घेणारीस ओशाळे केले नाही. प्रेमकथा घरात वाचावी की न वाचावी, हे ठरवावयास याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे. ती कसोटी हाती घेऊन मराठी मुलखातील, आणि विशेषतः नगर जिल्ह्याशी नाते असलेल्या, तीन ख्रिस्ती कथा पाहण्याजोग्या आहेत. एक कल्पित आहे, दुसरी अर्धी कल्पित व अर्धी खरी आहे, आणि तिसरी सर्वस्वी खरी आहे.

तत्पूर्वी नगरचीच थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. ज्या शहरास आता अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली येऊन राहिले. सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेने येथे मुलींच्या शाळा चालविल्या. १८४२ साली येथूनच 'ज्ञानोदय' हे पत्र निघू लागले. त्याच्या एक वर्ष आधी, १८४१ साली, हरि केशवजी यांनी केलेले बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे मराठी भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने छापले गेले होते. म्हणजे वाचणाऱ्या मुली, छापणारे यंत्र आणि गोष्टीच्या रूपाने धर्म सांगण्याची रीत, ही तिन्ही एकाच काळात या मुलखात आली. मुलगी वाचावयास शिकली की ती केवळ धडाच वाचील, गोष्ट वाचणार नाही, अशी हमी कोणता शिक्षक देऊ शकेल? तिला गोष्ट हवीच असते. ती कशी असावी, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे पहिले मराठी उत्तर बाबा पदमनजी यांनी दिले. ते १८३१ साली बेळगाव येथे जन्मले व १८५४ साली ख्रिस्ती झाले. त्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. त्याच्या पाठोपाठच हे पुस्तक आले, आणि विधवांच्या स्थितीचे निरूपण हाच त्याचा विषय आहे. यमुना ही शिकलेली तरुणी. पती विनायकराव हा विचारी व सुशील. दोघे प्रवासास निघतात आणि गावोगावी विधवांच्या दुःखाच्या कहाण्या पाहतात व ऐकतात. पुढे अपघात होऊन विनायकराव मरण पावतो आणि जे दुःख यमुनेने पाहिले ते तिच्याच वाट्यास येते. केशवपनाची तलवार तिच्या मस्तकावर टांगली जाते. शेवटी ती ख्रिस्ती होते व पुन्हा विवाह करते.

आजच्या वाचकास यातील उपदेशाचा भाग जड वाटेल. एक पात्र बोलू लागले की पुष्कळ वेळ बोलतच राहते, आणि कथेची गाडी चढणीवरच्या बैलगाडीसारखी रखडते. तथापि या पुस्तकात एक नवी गोष्ट आहे. नवराबायको एकमेकांशी बोलतात. घरकामाचे बोलणे नव्हे. जे पाहिले त्याविषयी, देवाविषयी, न्यायाविषयी ती दोघे बरोबरीच्या नात्याने बोलतात. त्या काळी दिवसाउजेडी पतीपत्नींनी चारचौघांत बोलणे हेच मर्यादेचे उल्लंघन समजले जाई. त्यानंतर थोड्याच वर्षांनी 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या, व वाचकवर्ग राजवाडे, वियोग आणि चमत्कार यांच्या मागे लागला. त्यांतील प्रेमिक एकमेकांसाठी संकटे सोसतात खरे. पण यमुना व विनायकराव यांच्याप्रमाणे एकमेकांचा विचार ऐकून घेणे, हे त्यांच्या प्रेमाचे मुख्य लक्षण नव्हे.

दुसरी कथा नगरातच जन्मलेल्या एका स्त्रीने लिहिली, आणि हे नगरच्याच पुष्कळ लोकांस ठाऊक नसते. कृपाबाई सत्यनाथन यांचा जन्म १८६२ साली अहमदनगर येथे झाला. त्यांचे माहेरचे घराणे खिस्ती. वडील हरिपंत व आई राधाबाई ही मिशनच्या आरंभीच्या काळात ब्राह्मण समाजातून ख्रिस्ती झालेली मंडळी. कृपाबाई वैद्यकी शिकावयास मद्रासला गेल्या. बुद्धी मोठी, पण प्रकृती नाजूक. त्यामुळे ते शिक्षण सोडावे लागले. तेथेच सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांनी इंग्रजीत 'सगुणा' ही कादंबरी लिहिली. ती १८८७-८८ च्या सुमारास मद्रासच्या एका कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली व १८९५ साली पुस्तकरूपाने निघाली. ते पुस्तक पाहावयास लेखिका उरली नव्हती. १८९४ साली, वयाची तेहतीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले होते.

'सगुणा'त लेखिकेने आपलेच जीवन थोड्या पडद्याआडून सांगितले आहे. कथा नायिकेपासून सुरू होत नाही, तिची आई राधा हिच्यापासून सुरू होते. राधेचा पती ख्रिस्ती होतो. तिला कोणी विचारलेले नसते. सासरमाहेरचे सर्व जग एका बाजूस व पती दुसऱ्या बाजूस, अशा पेचात ती सापडते. नव्या धर्माविषयी तिच्या मनात भीती व तिटकारा असतो. आपले सोवळे हेच तिला आपले सर्वस्व वाटते. तिचे मन वळते ते हळूहळू वळते, आणि वादाने नव्हे तर रोजच्या वागणुकीने वळते. अशा घरात सगुणा वाढते. भाऊ भास्कर तिला वाचनाची व विचाराची गोडी लावतो, आणि अकाली मरण पावून तिला पोरके करतो. पुढे ती शिकते, आपल्या बुद्धीचा मान राखून घेते, आणि अखेर समविचारी जोडीदार मिळवते.

कृपाबाईंनी 'कमला' नावाची दुसरीही कादंबरी लिहिली, ती १८९४ साली निघाली. तिची नायिका हिंदू आहे. तीही बुद्धिमती आहे; परंतु बालपणीच लग्न होऊन सासरी सोसते, विधवा होते, आणि जो तिच्यावर खरे प्रेम करतो त्याचा हात धरावयाचे धैर्य तिला होत नाही. ती आपले आयुष्य परोपकारात घालविते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. कृपाबाईंनी हिंदू नायिकेस मूर्ख किंवा पापी दाखविलेले नाही. तिच्या त्यागास त्यांनी मान दिला आहे. प्रचारासाठी लिहिणारा लेखक असा मान सहसा देत नाही. ज्यास माणसे कळतात तोच देतो.

तिसरी कथा लिहिताना लेखिकेच्या मनात प्रेमकथा लिहावयाची होती, असे म्हणता यावयाचे नाही. पण नगर जिल्ह्यातील सर्वांत मोठी ख्रिस्ती प्रेमकथा तीच आहे. ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ सालापासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचे १९३६ साली निधन झाल्यावर अपुरा राहिलेला भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पुरा केला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या मुलीचे अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक यांच्याशी लग्न झाले. वडिलांच्या घरी सोवळ्याचा अतिरेक, आणि पती तर कवी, लहरी, तापट व उदार. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे व मनात राग टिकत नसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पत्नीस अक्षरे त्यांनी शिकविली.

१८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीस आधी सांगितले नव्हते. ज्या स्त्रीला पतीवाचून दुसरे जग नव्हते, तिचे जग त्या एका दिवसात कोसळले. पुढची चारपाच वर्षे दोघे वेगळी राहिली. त्या काळी धर्मांतरित माणसाच्या पतीने किंवा पत्नीने सहवास नाकारल्यास विवाह मोडण्याची सोय १८६६ च्या एका कायद्याने केलेली होती. तो कायदाही घाई करीत नसे. नकार देणाऱ्यास विचार करावयास एक वर्षाची मुदत देत असे. म्हणजे वाट मोकळी होती. टिळकांनी ती धरली नाही. दोघेही आपापल्या जागी थांबली, भांडली, रडली, आणि एकमेकांस विसरली नाहीत.

शेवटी लक्ष्मीबाई आपल्या मुलास घेऊन पतीच्या मुलखात, म्हणजे नगरकडे आल्या. पण एकदम त्यांच्या धर्मात आल्या नाहीत. त्यांनी आपले खाणेपिणे निराळे ठेवले. येथेच या कथेची खरी थोरवी आहे. टिळक कवी होते, वक्ते होते, ख्रिस्ती समाजात मान पावलेले होते. बायकोस हुकूम करणे त्या काळी कोणासही गैर वाटले नसते. परंतु तिच्या मनाचे दार आतून उघडेपर्यंत त्यांना बाहेर उभे राहावे लागले. लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद गेला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने गेला, आणि बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला तो स्वतःच्या खात्रीने घेतला. मग नगर आणि राहुरी येथे या दोघांनी जो संसार केला, त्यात पोरक्या मुलांना घर मिळाले, आणि घरच्या गरिबीत परक्यांचा वाटा ठरलेला असे.

या तिन्ही कथा वाचून काही रास्त आक्षेप मनात येतात. पहिला असा की, या कथांत स्त्रीला सोसावे लागले त्याचा हिशोब कोण देणार? राधेस कोणी विचारले नाही. लक्ष्मीबाईंस आधी सांगितले नाही. धर्मबुद्धी कितीही निर्मळ असली तरी घरच्या माणसास अंधारात ठेवून केलेली गोष्ट दुखविल्यावाचून राहत नाही. हा दोष खराच आहे, आणि तो झाकणे म्हणजे या कथांचा अपमान करणे होय. 'स्मृतिचित्रे' तो झाकीत नाहीत. लक्ष्मीबाई पतीचे दोष हसत सांगतात, आपलेही सांगतात, आणि तरीही त्या माणसावरील माया ओळीओळीतून पाझरत राहते. जे पुस्तक फक्त गोडच सांगते ते सोज्ज्वळ नव्हे. ते नुसते साखर लावलेले असते. मूल आजारी पडते, पैसा संपतो, रागाने ताट बाजूस सारले जाते, हे सर्व असूनही माणसे एकमेकांस सोडीत नाहीत, हे ज्या पुस्तकात आहे ते वाचून मुलगी बिघडत नाही, शहाणी होते.

दुसरा आक्षेप असा की, ही पुस्तके धर्मांतराची आहेत. ती परधर्मीयाने का वाचावी? 'यमुनापर्यटना'पुरता या आक्षेपात तथ्यांश आहे, कारण त्याच्या लेखकास मत पटवावयाचे होते व ते तो लपवीत नाही. परंतु तेच दुःख हरि नारायण आपटे यांनी हिंदू घराच्या आतून पाहिले. 'पण लक्षात कोण घेतो!' या त्यांच्या कादंबरीची नायिकाही यमुनाच आहे. एक यमुना ख्रिस्ती लेखकाने उभी केली, दुसरी हिंदू लेखकाने. दोघींचे दुःख एकच आहे. आणि 'स्मृतिचित्रे' तर आज सर्व महाराष्ट्राने आपली मानली आहेत. शान्ता गोखले यांनी २०१७ साली त्यांचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध केला. धर्म बाजूस ठेवून ती वाचावी असे नव्हे. धर्म मनापासून धरणारी माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे पाहावयास ती वाचावी.

मग घरात कोणती प्रेमकथा आणावी? त्यास पुष्कळ नियम लागत नाहीत. पुस्तक हाती घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्या. कथेतील बलवान माणूस आपले बळ कसे वापरतो? ज्या माणसाची मर्जी संपादन करावयाची आहे त्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे काय? आणि लग्नाच्या मांडवात कथा संपत असेल, तर दुसऱ्या दिवशी चूल कोण पेटविणार, याची लेखकास आठवण आहे काय? या तीन प्रश्नांस जे पुस्तक उतरेल ते ख्रिस्ती असो की हिंदू असो, मराठी असो की इंग्रजी असो, निर्धास्तपणे घरात आणावे. ज्यात नायक नायिकेचा नकार हसण्यावारी नेतो आणि तरीही लेखक त्यास शूर म्हणतो, ते पुस्तक कितीही सभ्य भाषेत लिहिलेले असले तरी ते दूर ठेवावे.

आणि ते दडवून वाचू नये, मोठ्याने वाचावे. गोष्टीत जे हिणकस असते ते मोठ्याने वाचताना जिभेस अडखळते; जे चांगले असते ते ऐकणाऱ्यांच्या कामात मिसळून जाते. संध्याकाळी एकाने वाचावे, दुसऱ्याने भाजी निवडावी, म्हाताऱ्याने मधेच थांबवून विचारावे की त्या राधेचे पुढे काय झाले. वादही होऊ द्यावा. टिळकांनी पत्नीस आधी सांगावयास हवे होते की नव्हते, यावर एखाद्या घरात नवराबायकोचे जेवण होईपर्यंत बोलणे चालले, तर त्या घरास पुस्तकाची किंमत पुरेपूर वसूल झाली असे समजावे.

बवाजाच्या शेतात गड्यांनी कणसे मुद्दाम गाळली आणि रूथने ती आपल्या हातांनी वेचली. तरुण मुलामुलींच्या वाचनाचेही तसेच आहे. त्यांच्या ओंजळीत बळेच काही कोंबता येत नाही. वडीलधाऱ्यांनी चांगली पुस्तके त्यांच्या वाटेवर पडू द्यावी, आणि वेचावयाचे काम त्यांचे त्यांस करू द्यावे.